विज्ञानाचा तास आणि धर्म : मराठी शाळेतील ‘अविरोधा’चा इतिहास

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांत झाडीबोलीचे नमुने जमविण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे काही वर्षे येणेजाणे आहे. अशाच एका फेरीत एका शाळेत विज्ञानाचा तास ऐकण्याचा योग आला. विषय ग्रहणांचा होता. फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची वर्तुळे काढलेली होती आणि त्यांखाली ‘खग्रास’ व ‘खंडग्रास’ हे दोन शब्द लिहिलेले होते. एका मुलाने उठून विचारले, “गुरुजी, ग्रास म्हणजे घास ना? मंग घास कोन घेते?” वर्गात हशा पिकला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, “परीक्षेत सावली लिही.”

मुलाची शंका भाषाशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनतोड होती. ‘ग्रहण’ म्हणजे धरणे आणि ‘ग्रास’ म्हणजे घास. पंचांगकर्ते ग्रहणाच्या आरंभास ‘स्पर्श’ आणि अंतास ‘मोक्ष’ म्हणतात. म्हणजे कोणी तरी शिवतो, धरतो, गिळू पाहतो आणि शेवटी सोडून देतो. आकृती छायेची आहे, शब्द मात्र राहूचे आहेत. गुरुजींच्या उत्तरात लबाडी नव्हती, परंतु त्यात दीडदोनशे वर्षांचा एक तह दडलेला होता : परीक्षेत एक लिहावे, घरी दुसरे करावे आणि दोहोंत विरोध आहे असे मोठ्याने म्हणू नये. हा तह कोणी केला, कोणत्या परिस्थितीत केला आणि त्यातून काय साधले व काय गमावले, याचा शोध घेण्याचा येथे यत्न केला आहे.

सरकारी शाळांच्या विज्ञानवर्गात धर्माला स्थान असावे की नसावे, हा वाद म्हटला की वाचकांसमोर बहुधा अमेरिकेचे चित्र उभे राहते. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकविल्याबद्दल खटला झाला. १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याची उत्क्रांतीवरील शालेय बंदी रद्द केली. २००५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात ‘बुद्धिमान रचने’चा सिद्धांत हे विज्ञान नव्हे, तर धर्ममत होय, असा निर्णय मिळाला. तेथे वादाचे रूप सरळ आहे. एका बाजूस एक ग्रंथ, दुसऱ्या बाजूस एक शास्त्र, आणि मध्ये न्यायाधीश. आपल्याकडचा वाद या साच्यात बसत नाही. तो न्यायालयात फारसा गेला नाही, आणि शास्त्र शिकवू नका अशी मागणीही येथे क्वचितच झाली. आपल्याकडे धर्माने विज्ञानाच्या तासात प्रवेश केला तो विरोधाच्या दाराने नव्हे, तर अविरोधाच्या दाराने.

‘अविरोध’ हा शब्द आम्ही आमच्या पदरचा वापरीत नाही. पुराणांतील विश्वरचना आणि ज्योतिषसिद्धांतांतील विश्वरचना यांत उघड विसंगती आहे, हे आपल्या पंडितांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पुराणांची पृथ्वी सपाट आहे, पन्नास कोटी योजने विस्ताराची आहे, मध्ये मेरू, भोवती सात द्वीपे आणि क्षार, इक्षुरस, सुरा, घृत, दधि, दुग्ध व शुद्धोदक यांचे सात समुद्र. आणि चंद्र सूर्याच्याही वर. सिद्धांतांची पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, आणि भास्कराचार्यांच्या गणिताप्रमाणे तिचा परिघ अवघा ४९६७ योजने आहे. शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीला आधार मानणाऱ्यांना विचारले आहे, की त्या आधाराला आधार कोणाचा? मात्र तेच भास्कराचार्य ग्रहणाच्या प्रकरणी नमते घेतात. चंद्र भूछायेत शिरतो हे गणिताने सिद्ध करून झाल्यावर, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो आणि म्हणून श्रुतिस्मृतिपुराणांशी विरोध येत नाही, अशी तडजोड ते करतात. मूलच्या गुरुजींचे उत्तर इतके जुने आहे.

हे शास्त्र शाळेत शिकविण्याची परंपराही आपल्याकडे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत असल्याने भाषाभ्यासकांना तो परिचित आहे. मराठीच्या आरंभीच्या लेखांपैकी एक लेख ज्योतिषाच्या पाठशाळेला नेमून दिलेल्या उत्पन्नाविषयी असावा, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही.

पुढील शतकांत विरोधपरिहार हा एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच झाला. महाभारताचे प्रख्यात टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे, पण काशीस राहिलेले. सतराव्या शतकात त्यांनी ‘सौरपौराणिकमतसमर्थन’ या ग्रंथात दोन्ही मतांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. तोवर हा पंडितांचा आपापसातला व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकात तो शाळेत आला, आणि त्याला निमित्त झाले मिशनरी.

स्कॉटिश मिशनचे अलेक्झांडर डफ कलकत्त्यास आणि जॉन विल्सन मुंबईस, यांची भूमिका अशी होती, की भूगोल आणि खगोल नीट शिकविला की पुराणे आपोआप खोटी पडतील आणि पुराणे खोटी पडली की हिंदु धर्म ढासळेल. विज्ञानाचा तास हे त्यांच्या दृष्टीने धर्मप्रसाराचे साधन होते. १८३० नंतर मुंबईत विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जे वादविवाद झाले, त्यांची पार्श्वभूमी हीच. म्हणजे मराठी मुलखात अर्वाचीन विज्ञानाच्या वर्गात धर्म प्रथम आणला तो विज्ञानाला विरोध करणाऱ्यांनी नव्हे, तर विज्ञान शिकविणाऱ्यांनी. ही गोष्ट आपण विसरतो आणि मग पुढील सर्व इतिहास उलटा वाचतो.

या डावाला उत्तर आले ते एका अनपेक्षित ठिकाणाहून. मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीतील लॅन्सलॉट विल्किन्सन हे भोपाळ संस्थानाकडील कंपनीचे अधिकारी म्हणून सीहोर येथे होते. तेथील संस्कृत पाठशाळेत त्यांनी सिद्धांतग्रंथांचे अध्यापन सुरू केले, आणि १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून असे प्रतिपादिले, की एतद्देशीयांना पाश्चात्त्य खगोल शिकवावयाचा तर तो सिद्धांतांच्या मार्गाने शिकवावा. पृथ्वी गोल आहे हे इंग्रजाने सांगितले तर तो धर्मावरील हल्ला वाटतो. तेच भास्कराचार्यांनी सांगितले तर ते घरातले बोलणे होते.

विल्किन्सन यांच्या पदरी सुबाजी बापू नावाचे मराठी शास्त्री होते. १८३६ मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. पुराणमत, सिद्धांतमत आणि कोपर्निकसमत यांची तुलना हा त्याचा विषय आहे. या पुस्तकाचे महत्त्व मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून पुरेसे नोंदविले गेले नाही, असे आम्हांस वाटते. ‘दर्पण’ निघून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि अशा काळी एक पारंपरिक शास्त्री मराठी गद्यात सांगत होता की पुराणांचा भूगोल स्वीकारण्यासारखा नाही, सिद्धांतांचा पुष्कळ अंशी स्वीकारण्यासारखा आहे आणि कोपर्निकसाचा त्याहून सरस आहे. मुख्य म्हणजे, असे मानल्याने आपण धर्मास मुकत नाही अशी त्याची धारणा होती. मिशनऱ्यांच्या तर्कशृंखलेतील दुवा त्याने नेमका तोडला. पुराणांचा भूगोल चुकला म्हणून धर्म चुकला, हे त्याने मान्य केले नाही.

त्यास उत्तर लगेच आले. १८३७ मध्ये यज्ञेश्वर शास्त्र्यांचा ‘अविरोधप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथ मुंबईस छापला गेला. नावातच प्रतिपाद्य आले आहे : पुराणे आणि सिद्धांत यांत विरोध नाही, तेव्हा एकाला टाकून दुसरे घेण्याचे कारण नाही. सुबाजी बापूंनी त्याच वर्षी ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून त्याचा परामर्श घेतला. विवेक म्हणजे वेगळे करणे. दोन मराठी पंडितांच्या या दोन ग्रंथनामांत आपल्या पुढील सर्व वादाचे बीज आहे. एक म्हणतो, विरोध नाहीच. दुसरा म्हणतो, आहे, आणि तो निवडून वेगळा करता येतो.

सुबाजी बापूंना आधुनिक सुधारक ठरविण्याची घाई मात्र करू नये. १८३९ मध्ये विल्किन्सन यांनी जातिभेदाचे खंडन करणारी अश्वघोषाच्या नावावरील ‘वज्रसूची’ छापली, तेव्हा याच सुबाजी बापूंनी तिला जोडून वर्णव्यवस्थेच्या समर्थनार्थ ‘टंक’ नावाचे उत्तर लिहिले आणि दोन्ही एकत्र प्रसिद्ध झाली. पृथ्वी फिरते हे मान्य, पण समाजाची घडी फिरविणे मान्य नाही. आकाशाविषयी मोकळे मन आणि शेजाऱ्याविषयी बंद मन ही जोडी आपल्याकडे पुढेही वारंवार भेटते.

विल्किन्सन १८४१ मध्ये वारले. तथापि त्यांच्या पाठशाळेचे एक फळ विदर्भाशी संबंधित असल्याने त्याचा निर्देश केला पाहिजे. बापूदेव शास्त्री हे मूळचे नगर जिल्ह्यातले. नागपूरच्या मराठी शाळेत ते शिकत होते आणि तेथेच धुंडिराज मिश्र यांजपाशी त्यांनी लीलावती व बीजगणित यांचा अभ्यास केला. १८३८ मध्ये विल्किन्सन त्यांना सीहोरास घेऊन गेले, आणि १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सनकृत गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच शोधून १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढल्या पिढीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सरकारी शाळांत व ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत असताना ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ मध्ये बाहेर पडला. दीक्षितांची पद्धत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. शतपथब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे, त्यावरून त्यांनी अयनगतीचे गणित करून काळ ठरविला. निष्कर्ष कोणास पटो वा न पटो, गणित पडताळता येते. ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणणे निराळे, आणि पूर्वजांच्या एका वाक्यातून तपासता येईल असे विधान काढून दाखविणे निराळे.

दरम्यान सरकारी शाळांचे धोरण ठरले होते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण केवळ ऐहिक असावे असे स्पष्ट केले. बायबल ग्रंथालयात ठेवता येईल आणि विद्यार्थ्याने आपण होऊन विचारले तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगावे, एवढीच मुभा ठेवली. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सर्वस्वी राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देता येणार नाही असे ठरविले, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले. कायद्याच्या बाजूने प्रश्न मिटलेला होता. परंतु आपल्याकडील धर्म ‘धर्म’ या नावाने विज्ञानाच्या तासाला येतच नव्हता. तो ‘आमचे प्राचीन विज्ञान’ या नावाने येत होता, आणि त्या नावाला २८ वा अनुच्छेद लागू पडत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दशावतार आणि उत्क्रांती यांची जुळणी. मासा, कासव, वराह, मग अर्धा पशु व अर्धा मनुष्य, मग खुजा मनुष्य : हीच डार्विनची परंपरा, असे ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. कित्येक शिक्षक हे वर्गात कौतुकाने सांगतात. ही जुळणी प्राचीन नाही. डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ चा. जुळणी १८७७ मध्ये थिऑसॉफीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या लिखाणात आढळते आणि १८८२ च्या सुमारास केशवचंद्र सेनांच्या. गंमत अशी, की त्याच्या अगोदरच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त मत्स्यावताराची छाननी करताना मासा आणि मनुष्य यांचा आहार, निद्रा, जनन यांतील भेद मांडून एकापासून दुसरा जन्मणे अशक्य असल्याचे म्हटले होते, आणि अवतारकथांचा अर्थ आक्रमणाच्या इतिहासात शोधला होता. फुल्यांचा इतिहास आज सर्वांना मान्य होईल असे नाही. परंतु कथेला प्रश्न विचारावयाचा, हे त्यांचे धोरण शाळेला उपकारक होते. दशावताराच्या जुळणीने प्रश्नच संपतो. मुलाला वाटते, हे आपल्याला आधीच माहीत होते. आणि जे आधीच माहीत आहे ते शिकण्याची गरज कोणाला?

सुबाजी बापूंनी सिद्धांताचा आधार घेतला तो नव्या शास्त्राकडे जाण्यासाठी. पुढील शतकात त्याच आधाराचा उपयोग नव्या शास्त्राकडे न जाण्यासाठी होऊ लागला. सीहोरच्या विवेकाची जागा हळूहळू यज्ञेश्वर शास्त्र्यांच्या अविरोधाने घेतली, आणि तीही यज्ञेश्वर शास्त्र्यांची विद्वत्ता मागे ठेवून.

येथे शब्दांकडे वळणे भाग आहे, कारण हा व्यवहार मुख्यतः शब्दांतून झाला. शाळेतील ‘भूगोल’ या विषयाचे नावच सिद्धांतपक्षाचा निकाल आहे. भू ही गोल आहे हे पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून मूल मोकळे होते, आणि कोणासही ते खुपत नाही. उलट ‘ग्रहणा’त पुराणपक्षाचा जय झाला. ‘पात’ ही छेदनबिंदूसाठी निर्दोष संज्ञा सिद्धांतांत होती. सामान्य व्यवहारात राहू-केतूच राहिले. सर्वांत विलक्षण प्रवास ‘उत्क्रांती’चा. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवाचे देहातून बाहेर निघून जाणे. मरणसमयी द्यावयाच्या गाईस ‘उत्क्रांतिधेनु’ म्हणतात. ‘क्रांति’ ही स्वतः ज्योतिषातील संज्ञा आहे आणि ‘क्रांतिवृत्त’ आजही पाठ्यपुस्तकात आहे. मृत्यूच्या विधीतला शब्द सजीवांच्या वंशपरंपरेसाठी रूढ झाला आणि जुना अर्थ इतका विरून गेला की आज तो कोणाच्या ध्यानीही येत नाही. यावरून एक गोष्ट दिसते. शब्दात जुनी कथा आहे म्हणून शास्त्र अडत नाही. ती कथा वर्गात उघड करून दाखविली नाही, म्हणजे अडते. ‘घास कोन घेते’ या प्रश्नाला पाच मिनिटे दिली असती, तर मुलाला ग्रहणही कळले असते आणि भाषाही.

आता पुन्हा मूलकडे येऊ. जुन्या चांदा जिल्ह्यातील या मुलखाचा वादाशी संबंध जुळतो तो नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. हिस्लॉप हे स्कॉटिश फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरास आले आणि पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. डफपंथी शाळांप्रमाणे तीत बायबल शिकविले जाई. परंतु फावल्या वेळात हिस्लॉप हातोडी घेऊन रानोमाळ हिंडत. वरोऱ्याकडील मांगली येथील वालुकाश्मात त्यांना एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने तिचे वर्णन केले. वरोऱ्याजवळच्याच पिसदुरा येथील प्रचंड सरीसृपांचे अवशेषही प्रथम त्यांनीच वेचले. दक्षिणेस सिरोंचाकडे, प्राणहितेच्या काठच्या कोटा येथील थरांतील जुरासिक काळच्या माशांचे वर्णन १८५१ पासून होऊ लागले होते. आज त्याच भागातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.

म्हणजे ज्या जीवांच्या साखळीविषयी जगात वाद चालला आहे, तिचे दुवे या दोन जिल्ह्यांच्या जमिनीत आहेत. डार्विनचे पुस्तक येण्यापूर्वी चार वर्षे चांदा जिल्ह्यातील कवटी लंडनच्या अभ्यासकांपुढे होती. ती वेचणारा मनुष्य उत्क्रांतिवादी नव्हता. सृष्टीत त्याला निर्मात्याची योजनाच दिसत असावी. तरी त्याने दगड लपविला नाही. धर्मश्रद्धा बाळगणाऱ्याने विज्ञान कसे करावे याचा हा एक नमुना आहे, जरी त्याच्या शाळेत त्याने दोहोंची सरमिसळ केली असली, तरी.

हिस्लॉप यांनी आणखी एक काम केले, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते अधिक मोलाचे वाटते. त्यांनी एका परधानाच्या तोंडून गोंडांची लिंगोकथा मूळ गोंडीत उतरून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या कथेत गोंडांची उत्पत्ती आहे, महादेवाने त्यांना गुहेत कोंडणे आहे, लिंगोने त्यांना सोडविणे आणि कुळांची विभागणी करणे आहे. महादेवाची भूमिका पाहता तीत हिंदु पुराणांची छाया पडलेली आहे, हे अभ्यासकांनी दाखविलेही आहे.

आता प्रश्न असा. अविरोधाच्या व्यवहारात पुराणांना विज्ञानाच्या तासाला मागच्या दाराने बसावयास जागा मिळाली. लिंगोला मिळाली काय? दशावतार आणि डार्विन यांची जुळणी सांगणाऱ्या शिक्षकाने वर्गातील गोंड मुलाला, तुमच्याकडे उत्पत्ती कशी सांगतात, असे विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ‘आमचे प्राचीन विज्ञान’ यातील ‘आमचे’ या शब्दात मूलच्या पूर्वेकडील गावांतली निम्मी मुले बसत नाहीत. विज्ञानाच्या तासातून धर्म बाजूस ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण आम्हांस हेच वाटते. जीवाश्म कोणत्याही जातीचा नाही. मांगलीची कवटी गोंडाची आहे तितकीच ब्राह्मणाची, आणि दोघांचीही नाही. कथा मात्र कोणाच्या तरी असतात, आणि ज्या वर्गात एकाची कथा शास्त्र म्हणून सांगितली जाते त्या वर्गात दुसऱ्याची कथा आपोआप अडाणीपणा ठरते. कथांची जागा भाषेच्या तासात आहे, आणि तेथे लिंगो व मत्स्य या दोघांनाही सन्मानाने बसविता येईल.

अलीकडच्या दोन घटनांचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैदिक संमेलनाच्या वेळी केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चूक आहे, वानराचा मनुष्य होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोणी लिहिलेले नाही, आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे, अशा आशयाचे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला; खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्यास अशा विधानांपासून दूर राहण्यास सांगितले. हे विधान गैर होतेच. तरी इतिहासाच्या दृष्टीने ते अपवादात्मक होते, कारण ते उघड विरोधाचे होते. उघड विरोधाला उघड उत्तर देता येते, आणि ते दिले गेले. त्याच वर्षी बालभारतीने प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. मूलच्या मराठी शाळेतील विद्यार्थी तो पाठ वाचू लागला.

दुसरी घटना अधिक अवघड. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ च्या फेररचनेत, करोनाकाळानंतर विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्याचे कारण देऊन, दहावीच्या पुस्तकातील त्याच नावाच्या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग काढला. उरले ते केवळ ‘आनुवंशिकता’. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला, परंतु तेथवर थोडेच विद्यार्थी जातात. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी पत्रक काढून निषेध केला. या वगळण्यामागे धार्मिक हेतू होता असे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून तसे म्हणणे या लेखाच्या प्रतिपादनाशीच विसंगत होईल. परंतु पंचाईत अशी, की जो विषय अविरोधाच्या सवयीने वर्षानुवर्षे नीट शिकविलाच गेला नाही, ज्यावर कोणी शिक्षक प्रश्न घेत नाही, तो भार म्हणून उतरविणे सोपे जाते. ग्रहणाचा पाठ उद्या वगळला, तर ‘परीक्षेत सावली लिही’ म्हणणाऱ्या गुरुजींना त्यात काही गमावल्यासारखे वाटेल काय?

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली; तिच्या शासकीय मान्यतेचा वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्रज्ञाची जिज्ञासा निराळी आहे. अशा शाळेत दहावीचा हा पाठ गोंडीतून शिकविण्याची वेळ येईल तेव्हा ‘उत्क्रांती’ला शब्द कोणता घ्यावयाचा? मराठीने मरणविधीतला शब्द घेतला आणि त्याचा मूळ अर्थ विसरून काम भागविले. गोंडीला तो तसाच उसना घेता येईल, अथवा लिंगोने कुळे फोडली त्या प्रसंगातून, वेगळे होणे, शाखा फुटणे अशा अर्थाचा शब्द काढता येईल. दुसरा मार्ग डार्विनच्या कल्पनेला अधिक जवळचा आहे, कारण त्याच्या आकृतीतही मुख्य गोष्ट वर चढणे ही नसून शाखा फुटणे ही आहे. मात्र तसे केल्यास, हा शब्द कथेतला आहे आणि पाठ कथा नव्हे, एवढे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे लागेल.